औषधाच्या कुळातला रंगारी

सदोष औषधाची भरपाई बनवणाऱ्यानं का द्यायची, याचं मूळ इस्लामी कायद्यात शोधणारे सहसा पैगंबरांच्या एका हदीसपाशी थांबतात: वैद्यकी येत नसताना जो उपचार करतो तो ‘झामिन’, म्हणजे नुकसान भरून देणारा. मला हे पटत नाही. हा नियम भोंदू वैदूला धरतो, औषध घोटणाऱ्याला नाही.

माझ्या मते खरा पूर्वज रंगारी. इस्लामी कायद्याच्या हनफी पंथाच्या ग्रंथांत रंगारी, धोबी, शिंपी सारखे भेटतात. गिऱ्हाइकाचं कापड रंगाऱ्यानं बिघडवलं तर भरपाई त्याची. पण त्याच्याकडून चोरीला गेलं तर? पंथाचे इमाम अबू हनीफा म्हणतात, त्याचा काय दोष? त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद गुरूला सोडून जातात: टाळता येण्यासारखं असेल तर भरायचं त्यानंच. दोष शाबीत करत बसायचं नाही. कापड रंगाऱ्याचं नसतं, गोळी मात्र कंपनीची असते, ही हरकत रास्त. पण बंद दाराआड काय घडलं हे गिऱ्हाइकाला दोन्हीकडे कळत नाही.

पुढं आधुनिक काळात फ्रान्सच्या १८०४च्या नागरी संहितेनं विक्रेत्याला छुप्या दोषाची हमी द्यायला लावली. १९४८च्या इजिप्शियन संहितेत तीच हमी ‘झामिन’च्याच कुळातल्या ‘झमान’ या जुन्या नावानं अरबीत उतरली.

आपल्याकडे १९४०चा औषध कायदा आहे. परवानाधारकाकडून घेतलेला माल नीट ठेवला आणि दोष ठाऊक नव्हता नि वाजवी काळजी घेऊनही कळला नसता, हे दाखवलं की दुकानदार सुटतो; म्हणून केमिस्ट पक्कं बिल जपतो. तरी १९८६ साली जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलनं १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. २०१९च्या ग्राहक कायद्यात स्पष्ट हमी देणारा उत्पादक ‘माझा हलगर्जीपणा नव्हता’ म्हणूनही सुटत नाही. अबू यूसुफ खूश झाले असते.

आता या ‘झामिन’चा मराठी अवतार, ‘जामीन’. जमीन तारण ठेवतात म्हणून जामीन, असं कुणालाही वाटेल. पण जमीन फारसी ‘झे’ची, झामिन अरबी ‘झाद’चा; फारसी जिभेवर दोन्ही अक्षरांचे उच्चार एक झाले. ‘मी’ दीर्घ केली ती आपल्या शुद्धलेखनानं. मोडी कागदांत हाजीरजामीन माणूस हजर करतो, मालजामीन पैसे भरतो, दोघंही दुसऱ्यासाठी. स्वतःच्या मालाचा जामीन मराठीत उरलाच नाही.