व्हिडिओ संपादन अडखळते? आधी निदान, मग खर्च

लग्नसराई सुरू झाली की छायाचित्रकारांच्या छोट्या स्टुडिओंमधील दिवे रात्री उशिरापर्यंत विझत नाहीत. कार्याच्या दुसऱ्याच दिवशी नातेवाइकांच्या मोबाइलवर झलक पोहोचावी, असा यजमानांचा आग्रह असतो आणि नेमका त्याच वेळी संगणक रुसतो. टाइमलाइनवरील चित्र थोडे पुढे सरकते, थबकते. आवाज मात्र पुढे निघून जातो. अक्षता कधी पडल्या आणि सनई कधी वाजली, याचा मेळ पडद्यावर बसत नाही. मग कुणाच्या तरी सल्ल्याने हप्त्यावर महागडे ग्राफिक्स कार्ड घेतले जाते. अनेकदा त्यानंतरही चित्र पूर्वीसारखेच अडखळते आणि हप्ते तेवढे उरतात. ज्या भागात अडचण होती, तो बदललेलाच नसतो.

संपादनाच्या परिभाषेत 'रिअल टाइम' याचा अर्थ अगदी साधा आहे. भारतात प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार सेकंदाला २५ चित्रचौकटी दाखवायच्या, म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधीत संगणकाने डिस्कवरून माहिती वाचायची, आकसलेले चित्र उलगडायचे, त्यावर रंगसंस्कार आणि इतर परिणाम चढवायचे आणि ते पडद्यावर मांडायचे. सेकंदाला ५० चौकटींचे चित्रण असेल, तर ही मुदत निम्म्यावर येते. यातील एकही टप्पा रेंगाळला, तर चौकटी गळू लागतात. बाकीचे भाग कितीही वेगवान असले, तरी त्याचा उपयोग होत नाही.

ग्राफिक्स कार्ड घेतले की संपादन सुरळीत होते, या समजुतीला इतिहास आहे. २००० च्या सुमारास घरगुती व व्यावसायिक संपादन प्रामुख्याने डीव्ही टेपवर चाले. त्या चित्रणाचा वेग सेकंदाला २५ मेगाबिट असे आणि तासाभरासाठी सुमारे १३ गिगाबाइट जागा लागे. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवलेली असल्याने ती उलगडणे सोपे होते. दमछाक व्हायची ती परिणाम चढवताना. त्यासाठी मॅट्रॉक्स, पिनॅकल, कॅनोपस या कंपन्यांची खास कार्डे मिळत. पुढे २०१० मध्ये अडोबीने प्रीमिअर प्रो सीएस५ आणले आणि परिणामांचा बराचसा भार ग्राफिक्स कार्डावर टाकला. 'कार्ड बदला' हा सल्ला त्या काळात रास्तच होता.

दरम्यान कॅमेरे बदलले. आजचे बहुतेक मिररलेस कॅमेरे आणि मोबाइल एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने चित्रण साठवतात. त्यात एक चौकट पूर्ण असते आणि पुढच्या अनेक चौकटींमध्ये केवळ बदलांची नोंद असते. दुकानाच्या किर्दीत महिन्याच्या आरंभीची शिल्लक लिहावी आणि पुढे फक्त जमा-खर्च मांडत जावे, तसाच हा प्रकार. सतरा तारखेची शिल्लक हवी असेल, तर पहिल्या तारखेपासून बेरीज-वजाबाकी करावी लागते. चित्रपट सलग पाहताना ही बेरीज आपोआप होत जाते. संपादक मात्र टाइमलाइनवर पुढे-मागे उड्या मारतो, तीन-चार कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी चालवतो आणि प्रत्येक उडीला संगणकाला नव्याने हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब वेगाने करणारे स्वतंत्र यंत्र, म्हणजे डिकोडर, प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात बसवलेले असते. प्रत्येक डिकोडरला प्रत्येक प्रकारचे चित्रण मात्र कळत नाही. रंगांची माहिती अधिक जपणारे १०-बिट ४:२:२ प्रकारचे एच.२६५ चित्रण हे याचे ठळक उदाहरण. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बहुतेक प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्सला ते उलगडता येते. ॲपलच्या २०२० मधील एम१ चिपलाही येते. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. त्यापूर्वीचे कितीही महाग कार्ड असले, तरी या चित्रणाचा भार मुख्य प्रोसेसरवरच पडतो. आणखी एक खाचखळगा असा, की इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. किमतीत थोडी बचत होते आणि नेमका उपयोगाचा डिकोडर हातचा जातो. संगणक जुळवून घेताना ही बाब सहसा कुणी सांगत नाही.

म्हणूनच खिशात हात घालण्यापूर्वी निदान करावे. विंडोजमधील टास्क मॅनेजरचे 'परफॉर्मन्स' पान उघडे ठेवून नेहमीचे प्रकल्प चालवून पाहावेत. साधे कापलेले तुकडे चालवतानाच प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जात असेल आणि ग्राफिक्स विभागातील 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख सपाट असेल, तर अडचण चित्र उलगडण्यात आहे. तुकडे सुरळीत चालून रंगसंस्कार किंवा नॉइज रिडक्शन लावताच खोळंबा होत असेल, तर दोष ग्राफिक्स कार्डाकडे जातो. फोरके कामासाठी त्यावर ८ गिगाबाइट मेमरी असलेली बरी. डिस्कचा आलेख टोकाला टेकला असेल, तर उत्तर तिथेच आहे.

डिस्कच्या बाबतीत आकडे उद्बोधक आहेत. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे फोरके चित्रण प्रत्यक्षात साडेबारा मेगाबाइटच मागते. जुनी फिरती हार्ड डिस्कही सलग वाचनात त्याच्या कितीतरी पट देऊ शकते. तरीही चार कॅमेरे एकत्र चालवले की ती हतबल होते, कारण तिच्या वाचकशीर्षाला चार ठिकाणी धावावे लागते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० मेगाबाइट वेगाने आणि फिरत्या भागांशिवाय वाचते, त्यामुळे बहुतेक स्टुडिओंना तीच पुरेशी ठरते. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याहून कित्येक पट वेगवान असली, तरी वरील हिशेब पाहता हा वेग अनेकदा विनावापर राहतो. फिरत्या डिस्का जुन्या कामांच्या साठवणीसाठी ठेवाव्यात.

रॅमचे गणित तुलनेने सरळ आहे. १६ गिगाबाइटवर काम भागते, ३२ वर मोकळेपणा येतो. एकाऐवजी समान क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवाव्यात आणि डीडीआर४च्या जागी डीडीआर५ चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त घेण्याची हौस आता परवडणारी नाही.

काही उपाय जवळपास फुकट आहेत. धूळ साचून पंखा गुदमरला, की तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. सफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्यावर तो पूर्ववत होऊ शकतो. दुसरा उपाय प्रॉक्सीचा. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर संपादन करायचे आणि अंतिम फाइल मूळ चित्रणावरून काढायची. प्रीमिअर, डाविंची रिझॉल्व्ह, फायनल कट या तिन्हींत ही सोय आहे. प्रोरेस प्रॉक्सी प्रकारात एचडी आकाराच्या तासाभराच्या चित्रणाला सुमारे १७ गिगाबाइट लागतात, प्रती तयार होण्यास वेळही जातो. पण हे काम रात्रभर संगणकावर सोपवता येते. जुन्या यंत्राचे आयुष्य यामुळे एक-दोन हंगाम सहज वाढते. पाहुण्यांच्या मोबाइलमधील चित्रणात चौकटींचा वेग बदलता असतो आणि आवाज हळूहळू सरकतो, हा दोष तर कोणत्याच नव्या भागाने जात नाही. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ते आधी स्थिर वेगाचे करून घ्यावे लागते.

संगणक फारच जुना असेल, तर वेगळा विचार करावा. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या यंत्रात नवे कार्ड घालायचे, तर एसएमपीएसही बदलावा लागण्याची शक्यता असते. खर्च नव्या संगणकाच्या जवळ जातो. लॅपटॉप घेणाऱ्यांनी रॅम पट्टीच्या स्वरूपात आहे की बोर्डावरच जोडलेली, हे विचारून घ्यावे, कारण दुसऱ्या प्रकारात ती नंतर वाढवता येत नाही.

खरेदीला जाताना, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा गावातल्या दुकानात, स्वतःच्या कॅमेऱ्यातील पाच मिनिटांचे मूळ चित्रण पेनड्राइव्हवर सोबत न्यावे. दुकानातील प्रात्यक्षिकाची चित्रफीत कोणत्याही यंत्रावर झुळझुळ चालते. आपले चित्रण यंत्राच्या डिस्कवर उतरवून तीन थरांत टाइमलाइनवर ठेवावे, मधूनच मागे-पुढे जाऊन पाहावे आणि टास्क मॅनेजर उघडून ठेवावा.