पोटगीचे आदेश : वसुली आणि फेरबदल

घटस्फोटानंतर ठरलेली पोटगी थकल्यास ती वसूल करण्याची आणि परिस्थिती पालटल्यास रक्कम वाढवण्या-घटवण्याची न्यायालयीन कार्यपद्धती. वाशिम जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो.

कायदा. हिंदू विवाह अधिनियम, 1955 (कलम 25), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 (कलमे 144 ते 147, 1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे 125 ते 128). कलम 125 मधील दरमहा 500 रुपयांची कमाल मर्यादा महाराष्ट्राने 1999 मध्ये 1,500 केली. 2001 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती उठली.

वसुली. आदेश हातात पडला म्हणजे पैसे पडले असे नव्हे. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुली अर्ज न केल्यास तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले तर थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. सोयाबीन-तुरीच्या वाशिम मुलखात मग नवऱ्याचा सातबारा तपासला जातो. शेत सासऱ्याच्या नावावर निघाले की घोडे तिथेच अडते. दिवाणी दरखास्तीत शेतकऱ्याच्या उपजीविकेला लागणारे बैल, अवजारे, बियाणे जप्तीतून वगळलेले आहेत. पगारदाराचा मात्र एक तृतीयांश पगारच सुरक्षित असतो.

शेवटचा उपाय कैद. ती भोगली तरी थकबाकी फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये स्पष्ट केले. अनेक महिन्यांच्या थकबाकीसाठी एकदम किती कैद देता येते, याविषयी न्यायालयांत एकमत नाही.

नागपूर प्रकरण. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने 2015 मध्ये पत्नीला दरमहा 15,000 आणि मुलाला आधी 5,000, पुढे 10,000 रुपये अंतरिम पोटगी दिली. 2018 मध्ये उच्च न्यायालयात हरलेला पती सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. इंदू मल्होत्रा व न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाने देशभरासाठी दंडक घातले : पोटगी अर्जाच्या तारखेपासून, दोन्ही पक्षांचे उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र, वसुली पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे. शेतकऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना आहे. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पिके कोणती, गुरे किती, हे त्यात लिहावे लागते. ‘माझे उत्पन्नच नाही’ एवढ्यावर भागत नाही.

फेरबदल. नोकरी जाणे, पगार वाढणे, आजारपण अशा कारणांवरून दोघांपैकी कोणीही अर्ज करू शकते. आदेश बदलेपर्यंत जुनीच रक्कम लागू राहते. परस्पर हप्ता कमी करणारा थकबाकीदार ठरतो. घटस्फोटितेने पुनर्विवाह केल्यास त्या तारखेपासून फौजदारी आदेश रद्द होतो.

एकरकमी पोटगी. बहुधा तडजोडीत ठरते.

मुस्लिम घटस्फोटिता. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 जुलै 2024 च्या निकालानुसार त्यांनाही कलम 125 चा (आता 144) मार्ग खुला.