खेळ, काम आणि अंगण

#थ्रेड १/८
दोन वर्षांच्या मुलापुढे तांदळाची परात ठेवली, तर ते मूठ भरते, सोडते, पुन्हा भरते. आज यालाच ‘सेन्सरी प्ले’ म्हणतात आणि त्यासाठी महागडे संच विकले जातात. या विचाराचा इतिहास मात्र मोठ्या प्रमाणात गरीब वस्त्यांत घडला आहे.

२/८
६ जानेवारी १९०७. रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले इमारतीची नासधूस करीत. ती कोणीतरी सांभाळावीत, एवढीच मालकांची अपेक्षा होती.

३/८
माँटेसरींनी इंद्रियशिक्षणाची साधने दिली. त्यांच्या जोडीला हात धुणे, केर काढणे, बटणे लावणे, जेवण वाढणे ही कामेही दिली. झाडू आणि भांडी खरीच असत, फक्त मुलांच्या हाताला पेलतील अशी.

४/८
यामागे विचार होता. पाणी ओतताना मुलाला वजन कळते, हाताला तोल येतो. चूक झाली, तर सांडलेले पाणीच ती दाखवते. मोठ्यांनी रागावण्याचे कारण उरत नाही. काम उरकणे हा हेतूच नसल्याने मूल स्वच्छ टेबलही पुन्हा पुन्हा पुसते.

५/८
हा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे रुजवला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु माँटेसरी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू करताना ताराबाईंनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांनाच साधने केले.

६/८
वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच ‘अंगणवाडी’! स्वच्छता हाही तिथे शिक्षणाचाच भाग ठरला.

७/८
पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्यापुढे निराळाच प्रश्न आला. तिथली आदिवासी मुले गुरे राखत असल्याने शाळेत येऊ शकत नसत. म्हणून शाळाच कुरणात गेली : ‘कुरणशाळा’. पोटासाठी राबणाऱ्या मुलाच्या कामाला ‘खेळ’ म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. काम तेच असेल, पण मुलाला ते मध्येच सोडून देता येते का, यावर खेळ आणि राबणूक यांतील सीमा ठरते.

८/८
२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. तेव्हा मूल मटार सोलायला शेजारी येऊन बसले, तर त्याला उठवू नका. आणि कंटाळून उठले, तर पुन्हा बसवू नका. हे दुसरे अधिक अवघड आहे.