मुळा-मुठेवरील वल्ही : टिकाऊपणा आणि मोडतोड

पुण्यातील जलक्रीडेचा इतिहास बहुधा संस्था आणि चषक यांच्या अंगाने मांडला जातो. वल्ह्याची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. वस्तुतः वल्हे कोठे झिजते व कोठे मोडते, यावरून नदीच्या अवस्थेचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

पुण्याच्या नौकाविहाराला बंधाऱ्याचा आधार आहे. सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीच्या साहाय्याने मुळा-मुठेवर बांधलेला बंधारा १८५० मध्ये पूर्ण झाला. उद्देश पाणीपुरवठ्याचा होता. त्यामागे साचलेल्या संथ पाण्यावर होड्या फिरू लागल्या, हे त्याचे आनुषंगिक फळ. संगमालगतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या ‘रेगाटा’मुळे कयाक व पंट या होड्या पुणेकरांच्या परिचयाच्या झाल्या.

रोइंगचे वल्हे होडीच्या कडीत टेकलेले असते, म्हणून त्याच्या दांड्यावर सर्वाधिक ताण कडीपाशी येतो. कयाकचे दुपाती वल्हे केवळ हातांत पेललेले असते. तेथे हा ताण पाण्याकडील हाताजवळ एकवटतो. हे झाले शास्त्र. संथ आणि उथळ नदीत मात्र वल्ह्याचा खरा शत्रू वेगळाच असतो. गाळात रुतलेली होडी वल्ह्याने रेटून काढली जाते, काठाच्या दगडावर पाते टेकवले जाते, आणि इजा प्रथम पात्याच्या टोकाला होते. लाकडाच्या उघड्या टोकातून पाणी आत मुरते व रेषेरेषेने चीर वाढत जाते. ग्रीनलंडच्या इनुइटांनी हे फार पूर्वी ओळखले होते. वाहत आलेल्या लाकडाच्या वल्ह्यांच्या कडांना ते हाडाच्या पट्ट्या बसवीत.

१९७० च्या दशकानंतर काचतंतू व कार्बनतंतू यांची वल्ही प्रचारात आली. वजन घटले, ताठपणा वाढला. परंतु मोडण्याची रीतही बदलली. लाकूड चिरण्यापूर्वी बहुधा करकरते, चीर डोळ्यांना दिसते. कार्बनच्या दांड्याला दगडाचा मार बसला तर आतील थर सुटतात, वरून मात्र काही जाणवत नाही, आणि पुढे एखाद्या जोरकस ओढीत तो अकस्मात तुटतो. त्यामुळे शिकाऊंच्या हाती ॲल्युमिनियमचा दांडा व प्लॅस्टिकचे पाते देणे हेच शहाणपणाचे ठरते, जरी उन्हाने ते प्लॅस्टिकही कालांतराने ठिसूळ होते.

दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात रोइंगसाठी स्वतंत्र जलमार्ग आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १३ वे स्थान मिळविणारे दत्तू भोकनळ पुण्याच्या या सैनिकी केंद्रातच घडले. हलके व महाग वल्हे वापरण्यास असेच राखलेले पाणी लागते. शहरातील नदीपात्रात गाळाच्या जोडीला सांडपाणी व जलपर्णी आली. तिच्या मुळ्या पात्याला वेढतात, वल्हे पिळवटले जाते आणि भार पाते व दांडा यांच्या सांध्यावर येतो. लाकडी वल्हे तेथे मोडले, तर सुतार तिरपा सांधा घालून ते पुन्हा पाण्यात उतरवू शकतो. कार्बनच्या तुटलेल्या दांड्याला त्याच्याकडे उपाय नाही.