एका नावाचे दोन प्रेषित

लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात बारा प्रेषितांची नावे दिली आहेत. त्या यादीच्या शेवटी एकाच नावाचे दोन पुरुष लागोपाठ येतात : याकोबाचा यूदास आणि यूदास इस्कार्योत. पहिल्याला आपण संत ज्यूड म्हणून वंदितो, संकटात त्याची नोव्हेना करतो. दुसऱ्याचे नाव विश्वासघाताला पर्यायी शब्द होऊन बसले. दोघेही यहुदी, दोघांचा गुरू एक. निवड मात्र ज्याची त्याची.

शुभवर्तमाने ही निवड झाकून ठेवीत नाहीत. मत्तय सांगतो की, यूदास स्वतः मुख्य याजकांकडे गेला, मोबदला विचारला आणि चांदीची तीस नाणी घेतली. लूक व योहान सैतानाचा उल्लेख करतात. पण तो थैलीतले पैसे आधीपासूनच चोरीत असे, हेही योहानच नमूद करतो. मोहाला दार आतून उघडावे लागते.

पुढे मात्र एका माणसाचा हा अपराध ख्रिस्ती युरोपने अख्ख्या यहुदी समाजाच्या माथी मारला. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने यहुद्यांना वेगळ्या पोशाखाची सक्ती केली. काही देशांत ती खूण पिवळी होती. पादुआ येथील प्रार्थनामंदिरात सुमारे 1305 साली जोत्तोने रंगविलेला यूदासही पिवळ्या झग्यात येशूला कवटाळतो.

तरीही वेगळा स्वर ख्रिस्तसभेत होताच. त्रेंत परिषदेनंतर 1566 साली निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने क्रूसमरणाचा दोष सर्व पापी जनांवर, त्यातही ख्रिस्ती पाप्यांवर अधिक ठेवला. तेविसावे पोप जॉन यांनी 1959 मध्ये उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांना अविश्वासू ठरविणारे विशेषण काढून टाकले. अखेर 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, येशूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही.

त्याच रात्री पेत्रानेही गुरूला तीनदा नाकारले होते. तो रडला आणि परतला. यूदासलाही पश्चात्ताप झाला, त्याने नाणी परत केली. परंतु क्षमेकडे न वळता त्याने स्वतःचा जीव घेतला. उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकताना दोषी कोण, हे दुसऱ्या समाजात शोधण्याऐवजी या दोघांपैकी आपली पावले कोणाच्या मागे आहेत, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारावे.