मिठागराचा हिशेब

स्मरणिकेसाठी लेख मागवले तेव्हा बहुतेकांनी सहल, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतले डबे यांवर लिहायचं ठरवल्याचं ग्रुपवर वाचलं. मी एका प्रश्नावर लिहिते आहे. तो आपल्या आठवीच्या वर्गात विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर राहून गेलं होतं.

इतिहासाचा तास होता, दांडीयात्रेचा धडा. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गातला एक मुलगा कागदाच्या पुडीत मूठभर मीठ घेऊन आला. नाव लिहीत नाही, बॅचमधल्या सगळ्यांना कळेलच. त्याचे वडील हायवेपलीकडच्या मिठागरात कामाला होते. मीठ जाडं, मातकट, थोडं ओलसर. आपण हसलो. ‘हे खायचं की अंगणात टाकायचं?’ असं कुणीतरी म्हणालं. ते म्हणणारी मी होते. तो रागावला नाही. त्याने बाईंना विचारलं, ‘बाई, मिठावरचा कर गेला ना? मग माझ्या बाबांना जास्त पैसे का नाही मिळत?’ बाई म्हणाल्या, ‘चांगला प्रश्न आहे, उद्या बघू.’ तेवढ्यात घंटा झाली. दुसऱ्या दिवशी पुढचा धडा सुरू झाला, कारण पोर्शन संपवायचा होता.

अलीकडे कांजूर, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांच्या जमिनींच्या बातम्या पुन्हा पुन्हा येऊ लागल्या आणि तो प्रश्न आठवला. मग मिळेल ते वाचत गेले. इतिहास हा माझा विषय नाही, पण हिशेब कुठे चुकतो ते शोधत मागे मागे जाणं हे रोजचंच काम आहे. तसंच इथेही केलं.

आधी मीठ कसं होतं ते पाहू, कारण शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही आपल्यातल्या फार थोड्यांनी ते पाहिलं होतं. आपल्याकडचं मीठ खाणीतून निघत नाही, ते पिकवतात. ठाणे खाडीच्या काठाची जमीन सपाट आणि चिकण मातीची, त्यामुळे पाणी लवकर मुरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात साठवायचं आणि मग एकातून दुसऱ्या वाफ्यात असं फिरवत उन्हावाऱ्याने दाट करत न्यायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एक किलो मिठासाठी पस्तीस-चाळीस लिटर पाणी उन्हाने उडवावं लागतं. शेवटच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेला असतो. तिथे मिठाचे खडे धरले की लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते ओढून बांधावर ढीग लावायचे. पावसाळा संपल्यावर बांधांची डागडुजी आणि गाळ काढणं, आणि उन्हाळ्यात मीठ. अवेळी एक पाऊस पडला तर कित्येक आठवड्यांचं काम पाण्यात जातं, अक्षरशः.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या आगरी समाजाने केलं. आगर म्हणजे मिठाचं आगर, त्यावरून आगरी. पुढे डहाणू-तलासरीकडची आदिवासी कुटुंबंही हंगामाला येऊ लागली. आपल्या उपनगरांच्या नावांत हा धंदा अजून शिल्लक आहे. मुलुंड पूर्वेला मिठागर रोड आहे, ठाण्याला मीठबंदर आहे, मालाडला मीठ चौकी आहे. रिक्षावाल्याला ‘मीठ चौकी’ सांगताना तिथे कसली चौकी होती हे आपण कधी विचारलं नाही. ही नावं शेजारी शेजारी ठेवली की सगळा व्यवहार दिसतो. एका जागी मीठ पिकायचं, एका जागी ते होडीत चढायचं आणि एका जागी त्यावर पहारा असायचा.

मिठाचा प्रवास लांबचा होता. देशावर मीठ होत नाही आणि त्यावाचून कुणाचं चालत नाही. खाडीतून पडाव बंदराला जात, बंदरावरून वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे मीठ घेऊन घाट चढत आणि येताना धान्य आणत. या वाटेवर जो उभा राहील त्याला उत्पन्न मिळे, आणि हे राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांताचे अधिकारी नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. गोव्याकडच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि आपली आगरं बुडतात, तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय आहे. आज ज्याला आपण देशी उद्योगाला संरक्षण म्हणतो, ते साडेतीनशे वर्षांपूर्वी मिठासाठी केलेलं आहे. इथे जकात होती, पण ती आगर वाचवण्यासाठी होती, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपला मुलुंड ते घाटकोपर आणि अंधेरी ते बोरिवली हा सगळा भाग साष्टीचा. तो पोर्तुगीजांकडून १७३९ मध्ये मराठ्यांकडे आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. इंग्रजांनी मिठाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. १८३७ मध्ये मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे कर बसला. रस्तोरस्तीच्या जकाती काढून टाकल्या होत्या, त्यांची भरपाई मिठातून झाली. १८४४ मध्ये तो एक रुपया केला तेव्हा सुरतेत दंगा उसळला आणि सरकारला थोडी माघार घ्यावी लागली. पण चढती कमान थांबली नाही. १८७७ मध्ये कर अडीच रुपये झाला, १८८२ मध्ये दोन रुपयांवर आला आणि १८८८ मध्ये पुन्हा अडीच झाला. अडीच रुपये म्हणजे ४० आणे. मणभर, म्हणजे साधारण ३७ किलो, मीठ मिठागरावर काही आण्यांत तयार होत असे. म्हणजे गिऱ्हाईक मिठासाठी जे पैसे मोजत होतं त्यांतला मोठा वाटा मिठाचा नव्हताच. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या करावर कडक टीका केली. पुढच्या वर्षी तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर.

कर वसूल व्हायचा तर मिठाचा कण न् कण मोजला गेला पाहिजे. म्हणून राखायला अवघड अशी लहान लहान आगरं बंद झाली आणि उरलेल्यांभोवती पहारे बसले. मीठ कधी काढायचं, कुठे साठवायचं, कोणत्या वाटेने न्यायचं, हे सगळं सरकारी परवान्याने ठरू लागलं. ज्याच्या आजोबाने चिखल तुडवून वाफा केला, त्याने त्याच वाफ्यातलं मूठभर मीठ घरी नेलं तर तो गुन्हा झाला. मोठी मिठागरं पट्ट्याने दिली गेली. त्यांची नावं आजही सरकारी कागदांत तशीच आहेत: आर्थर, जेंकिन्स, जमास्प. साहेबी आणि पारशी नावं. बांध घालणाऱ्याचं नाव एकाही मिठागराला नाही.

आगगाडीने आणखी एक बदल केला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी आपल्या भांडुपवरूनच धावली आणि पुढच्या दहा वर्षांत रूळ बोरघाट चढून गेले. वंजाऱ्यांचे तांडे संपले. पण ज्या रुळांवरून आपलं मीठ देशावर गेलं, त्याच रुळांवरून कच्छच्या रणाकाठच्या खाराघोड्याचं मीठही आलं. तिथे पाऊस कमी, हंगाम लांब आणि जमीन अफाट. मिठाचा भाव आता आपल्या खाडीवर ठरेना.

मग १९३०. धड्यात दांडी होती, पण आपल्या लोकलच्या स्टेशनांवरही तेव्हा हेच चाललं होतं. विलेपार्ल्याला सत्याग्रहाची छावणी होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला, स्वामी आनंद ही माणसं तिथे होती आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात बजाजांना अटक झाली. मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर धाडी पडल्या. १ जूनला तिथे सुमारे पंधरा हजार माणसं जमली होती, त्यांत बायका होत्या, मुलं होती. लाठ्या खाऊन लोकांनी चिखलातून मीठ उचललं. तेव्हा कर मणाला सव्वा रुपया होता. पुढच्या वर्षी गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली आणि १ एप्रिल १९४७ पासून कर पूर्ण रद्द झाला.

आता आपल्या वर्गमित्राचा प्रश्न. कर गेला, मग त्याच्या बाबांना जास्त पैसे का मिळाले नाहीत?

माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असं आहे. कर हा गिऱ्हाईक आणि सरकार यांच्यामधला व्यवहार होता. तो गेल्यावर मीठ स्वस्त झालं, आणि ते योग्यच होतं, कारण गरिबातल्या गरिबालाही मीठ लागतं. पण मजुराची मजुरी करातून येत नव्हती. ती मिठागरावरच्या भावातून येत होती आणि तो भाव गुजरातच्या मिठाने पाडला होता. आज देशातलं तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ गुजरातेत होतं. शिवाय जमीन सरकारची, पट्टा दुसऱ्याचा, काम करून घेणारा मुकादम तिसरा आणि सर्वांत खाली मापावर मजुरी घेणारं कुटुंब. वरची एक पायरी निघाली तरी खालच्याच्या हातात काही पडलं नाही, कारण मधल्या पायऱ्या जागच्या जागी होत्या. स्वातंत्र्याच्या लढ्याने मिठाचा कर हटवला. मिठागराची मालकी हा त्या लढ्याचा विषयच नव्हता.

नंतर आपल्या स्वयंपाकघरांनीही पाठ फिरवली. १९८३ मध्ये मिठापूरचं टाटांचं पुडीतलं मीठ आलं. आपल्या घरांतल्या चिनी मातीच्या बरण्यांतलं जाडं मीठ हळूहळू फक्त लोणच्यापुरतं उरलं. गलगंडासारखे आजार टाळण्यासाठी आयोडीनयुक्त मिठाचा नियम आला आणि २००६ पासून खाण्यासाठी साधं मीठ विकायला बंदी झाली. नियम आरोग्यासाठी आवश्यकच होता, पण त्याने आपल्या खाडीचं मीठ ताटातून उठवून बर्फाच्या कारखान्यांत आणि कातड्या-रंगांच्या उद्योगांत पाठवलं. खाडीत सांडपाणी वाढलं, तशी पाण्याची प्रतही गेली.

आणि मग मिठापेक्षा जमीन महाग झाली. मीठ किलोला काही रुपये, जमीन चौरस फुटाला हजारो. मुंबईत मिठागरांची जमीन सुमारे सव्वापाच हजार एकर आहे. अनेक मिठागरांचे ९९ वर्षांचे पट्टे २०१६ मध्ये संपले. २०२० मध्ये कांजूरच्या जमिनीवर मेट्रोची कारशेड करायचं ठरलं तेव्हा जमीन केंद्राची की राज्याची हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि काम थांबलं. २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी कांजूर, भांडुप आणि मुलुंड इथली २५५.९ एकर जमीन देण्याचा निर्णय झाला. त्यांत आर्थरची १२०.५, जेंकिन्सची ७६.९ आणि जमास्पची ५८.५ एकर. धारावीतल्या माणसांना चांगलं घर मिळावं, याला माझा विरोध नाही. मीही याच उपनगरात उंच इमारतीत राहते आणि ती जागाही पूर्वी कशाची तरी होतीच.

पण दोन गोष्टी हिशेबात दिसत नाहीत. पहिली पाण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही. मिठागरं पावसाळ्यात तळी होतात, पावसाचं आणि भरतीचं पाणी धरून ठेवतात. बांधबंदिस्ती करणाऱ्यांनी शहरासाठी हे काम फुकट केलं आणि त्याची मजुरी कुणाच्याच वहीत मांडलेली नाही. दुसरी गोष्ट त्या माणसांची. केंद्र, राज्य, पट्टेदार आणि विकासक यांचे दावे आहेत. ज्यांच्या पायांनी त्या वाफ्यांचा तळ घट्ट केला, त्यांच्याकडे दाखवायला कागद नाही.

जकात, कर, पट्टा आणि आता भूखंड. दर वेळी मिठाच्या वाटेवर उभा राहणारा बदलला, मीठ ओढणारा तोच राहिला. म्हणून तुझ्या बाबांना जास्त पैसे मिळाले नाहीत. हे उत्तर मला तीस वर्षांनी सापडलं, आणि त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल माफी मागायलाही तेवढीच वर्षं लागली. इथे, सगळ्यांसमोर मागते, कारण हसलो तेही सगळ्यांसमोर होतो.

एक सुचवते. संमेलनानंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मिठागर रोडने खाली चालत जाऊ या. ज्यांच्या घरातल्यांनी तिथे काम केलं आहे त्यांनी आपल्या आईवडिलांना, काका-मामांना आणावं. त्यांची मापं, मजुरीचे दर, वाफ्यांची आणि हत्यारांची नावं आपण लिहून घेऊ. आपल्या बॅचमध्ये टायपिंग येणारे पुष्कळ आहेत. आणि बाईंना नक्की बोलावू. ‘उद्या बघू’ म्हणाल्या होत्या, तो उद्या अजून यायचा आहे.