रोजकीर्दीपासून ‘क्लाउड’पर्यंत : आपल्या हिशेबाची वाटचाल

खानदेशातून सुरतेला येणारी आपली वाट तापीच्या खोऱ्यातून येते. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली अशी स्टेशने घेत उधन्याला पोचणाऱ्या तापी व्हॅली रेल्वेने धुळे-जळगाव-नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबे इथे आणली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत ती स्थिरावली. कोणी लूमच्या खात्यात लागले, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, तर कोणी रिंग रोडच्या मार्केटमध्ये. त्या पिढीच्या कष्टांबद्दल आपण नेहमी बोलतो. मात्र कारागीर स्वतः मालक झाला, तेव्हा त्याला यंत्राइतकीच आणखी एका गोष्टीची गरज पडली. ती म्हणजे हिशेब. त्या हिशेबाचाही एक इतिहास आहे.

मराठी माणसाला जमाखर्च परका नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दी आजही रुमालांत बांधून ठेवलेल्या आहेत. त्या दिवशी काय आले, काय गेले, ते रोजकीर्दीत लिहायचे. तेथून ज्याच्या त्याच्या नावे खतावणी करायची आणि शेवटी ताळेबंद जुळवायचा, ही आपली जुनी रीत. सुरत तर हुंडी आणि पेढ्यांचेच शहर. इथे दिवाळीला चोपडापूजन होते आणि लाभपाचमीला नव्या चोपड्यात पहिली नोंद पडते. चोपडा लिहायला मात्र मुनीम लागे आणि मुनीम ठेवण्याची ऐपत पेढीवाल्या शेठचीच असे. कारागिराकडे असायची खिशातली छोटी डायरी. आज किती ताके उतरले, किती उचल घेतली, किती बाकी राहिले, एवढेच तिच्यात. तिची आणि चोपड्याची तफावत निघाली की चोपड्याचेच खरे धरले जाई. हिशेब ज्याच्या हातात, शब्द त्याचा, हा बाजाराचा जुना कायदा.

या कायद्याला पहिला धक्का संगणकाने दिला. १९८६ साली बंगळुरूत श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ‘टॅली’ची सुरुवात केली. श्यामसुंदरजी कापडगिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत. स्वतःच्या धंद्याचा हिशेब नीट ठेवील असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून मुलाने ते तयार केले. म्हणजे या सॉफ्टवेअरचा जन्मही कापडाच्या आसपासच झाला. ‘टॅली’ आणि आपला ‘ताळा’ यांच्या उच्चारातले साम्य योगायोगाचे, पण काम एकच. पुढे ‘टॅली येते का?’ हा नोकरीच्या मुलाखतीतला ठरलेला प्रश्न झाला आणि आपल्या वस्त्यांतली मुले-मुली बारावीनंतर टॅलीच्या क्लासला जाऊ लागली.

टॅली मुख्यतः खाती सांभाळी. बाकीचा कारभार वेगळ्या वह्यांतच चाले. जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या लहान युनिटचेच पाहा. व्यापाऱ्याकडून सूत येते, बीम चढतो, ताके उतरतात, चलानावर माल जातो. घट किती आली, कोणत्या कारागिराने किती मीटर काढले, कोणत्या पार्टीकडे किती दिवसांची उधारी आहे, कर किती भरायचा, या सगळ्याचे मूळ एकाच ताक्यात असते. तरीही एकच आकडा चार ठिकाणी चार वेळा लिहावा लागतो आणि चुका तिथेच होतात. एकदा नोंद केली की साठा, मजुरी, उधारी आणि कर सगळीकडे ती आपोआप पोचावी, अशी एकत्रित सॉफ्टवेअरे मोठ्या कंपन्यांकडे आधीपासून होती. जर्मनीत १९७२ साली पाच अभियंत्यांनी स्थापन केलेली ‘सॅप’ त्यासाठीच जगभर ओळखली जाते. पण तो खर्च लहान माणसाला झेपणारा नव्हता.

त्यावर उपाय निघाला तो भाड्याचा. आपले मंडळ दहा दिवसांसाठी मंडप विकत घेत नाही. मंडपवाल्याकडून भाड्याने आणते आणि बांबूपासून ताडपत्रीपर्यंतची काळजी त्याच्यावर सोपवते. तसेच हे. सॉफ्टवेअर दूरच्या संगणकावर असते, आपण इंटरनेटवरून वापरायचे आणि दर महिन्याला पैसे भरायचे. अमेरिकेत १९९८ साली निघालेल्या ‘नेटसूट’ने हाच मार्ग धरला. २००७ साली सॅपनेही मध्यम कंपन्यांसाठी ‘बिझनेस बायडिझाइन’ आणले. तेव्हा जाहीर झालेला दर माणशी महिना १४९ डॉलर होता. लिंबायतच्या गल्लीतल्या खात्याला तो कुठून परवडणार? भारतात २०११ साली टीसीएसने लहान-मध्यम उद्योगांसाठी ‘आयऑन’ काढले, त्याच वर्षी चेन्नईच्या झोहोचे ‘झोहो बुक्स’ आले आणि हळूहळू ही सोय लहान धंद्याच्या आवाक्यात येऊ लागली.

हिशेब आपल्या छताखालीच असावा की दुसरीकडेही, याचे उत्तर सुरतकरांना पाण्याने दिले आहे आणि आगीनेही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. तळमजल्यावर पाणी शिरले की कापड, चोपडा आणि संगणक तिघांची गत एकच. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरच्या शिवशक्ती टेक्सटाइल मार्केटला लागलेल्या आगीत शेकडो दुकाने जळाली. माल गेला तरी कोणाकडून किती येणे आहे याची नोंद शिल्लक असेल, तर माणूस पुन्हा उभा राहू शकतो. मिठी खाडीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्या महिन्यात सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी मोठा संप केला, मोर्चे काढले. त्यांची भीती खोटी नव्हती. बहुतेकांचा व्यवहार तोंडी आणि चिठ्ठीवर चाले. पण त्याच बदलाने लहान माणसाच्या हाती एक हत्यारही दिले. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. ते मुदतीत न दिल्यास, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, देणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. मात्र मुदत मोजायला तारखेचे बिल आणि चलान हवे. कारागिराच्या डायरीला जे कधी जमले नाही, ते हा कागद करू शकतो.

तरीही भाड्याच्या मुनीमावर डोळे झाकून विसंबू नये. भाडे थांबले की दार बंद होऊ शकते. जीएसटीचे हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून दर महिन्याला आपल्या नोंदींची प्रत वेगळी काढून ठेवावी. पासवर्ड फक्त अकाउंटंटकडे नसावा. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला ही पूर्ण व्यवस्था दाखवावी, कारण अनेक खात्यांचा खरा हिशेब आजही घरातच लागतो.

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लिहिताना मध्ये थांबणार नाही, अशी गणपतीची अट होती. अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहू नये, अशी व्यासांची. यंत्र पहिली अट उत्तम पाळते, ते थांबत नाही. दुसरी अट पाळणे मात्र आपल्याकडेच आहे.